ऐकणारं माणूस

सोलापूर शहरात १६ ते २६ जुलै २०२० असा कडक लॉकडाऊन झाला. तो उठल्यावर सोमवारी, २७ तारखेला, मी माझ्या तिसरीच्या वर्गासाठी पहिलं ‘आठवडा पत्रक’ घेऊन बाहेर पडले. पत्रक म्हणजे दोन्ही बाजूंनी झेरॉक्स मारलेला फुलस्केप कागद. सोमवार ते शनिवार रोजचं एक काम, मागच्या बाजूला मीच रचलेली एक छोटी गोष्ट आणि तळाला सहीची जागा. शाळा मार्चच्या मध्यापासून बंद होती. नवं वर्ष १५ जूनला कागदोपत्री सुरू झालं होतं आणि ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ हे घोषवाक्य आम्हा शिक्षकांच्या तोंडी बसलं होतं. शिक्षण नेमकं कुठं सुरू होतं, ते पाहायला घरोघर जाण्याशिवाय इलाज नव्हता.

माझी शाळा पूर्व भागात आहे. सोलापूरकराला एवढं सांगितलं की पुरतं, बाहेरच्यांसाठी थोडं. यंत्रमागाच्या शेडा, टॉवेल-चादरींचे कारखाने आणि त्यांच्या आजूबाजूला दोन खोल्यांची घरं. बाप मागावर, आई विडी वळणारी. माणसं बहुतेक पद्मशाली समाजाची, पणजोबा-खापरपणजोबा तेलंगणातून आलेले. घरात बोलणं तेलुगू. महापालिकेच्या शाळा इथं मराठी, उर्दू, कन्नड आणि तेलुगू अशा चार माध्यमांत चालत आल्या, पण अलीकडं पुष्कळ आईबाप पोरांना मराठी शाळेत घालतात, कारण पुढं पोट मराठीतच भरायचं आहे. म्हणजे माझ्या वर्गातलं पोर साडेपाच तास मराठीत असतं आणि उरलेला वेळ तेलुगूत. हे साडेपाच तास बंद झाले की काय होतं, ते त्या जुलैत माझ्या नीट लक्षात आलेलं नव्हतं. कुणाच्याच आलेलं नव्हतं. सगळी चर्चा फोनची चालली होती.

फोनचं सांगते. वर्गात बेचाळीस मुलं, त्यातल्या निम्म्यांच्या घरात स्मार्टफोन. पण तो बापाच्या खिशात. माग बंद पडले होते, ‘उद्यापास्नं या’ असा मालकाचा फोन कधी येईल याचा नेम नव्हता, त्यामुळं फोन पोराच्या हातात देणं कुणाला परवडत नव्हतं. त्याच महिन्यात शासनानं ऑनलाइन तासांच्या वेळा ठरवून दिल्या. तिसरी ते आठवीला रोज पंचेचाळीस मिनिटांची दोन सत्रं. मी एका मुलाच्या आईला हे सांगितलं, तर त्या हसून म्हणाल्या, “बाई, ते रात्री नऊला येतेत, मग घ्या की ओ तुमचा तास.” मी खरंच काही दिवस रात्री नऊला तास घेतला. पोरं मांडीवर पेंगायची आणि मागून टीव्ही चालू असायचा.

पुस्तकातल्या क्यूआर कोडचंही तसंच. पाठ्यपुस्तकाला कोड चिकटवायची कल्पना आमच्याच जिल्ह्यातल्या, माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतून पुढं गेली. तिथल्या रणजितसिंह डिसले गुरुजींना त्या डिसेंबरात ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, तेव्हा आम्ही पेढे वाटले आणि त्यांनी बक्षिसाची अर्धी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिल्याचं पोरांना कौतुकानं सांगितलं. पण कोड उघडायला लागणारी वस्तू संध्याकाळपर्यंत घराबाहेर असेल, तर ज्या घरी धडा पोचायला हवा तिथंच तो पोचत नाही.

म्हणून कागद. आणि कागदावर काय घालायचं हे ठरवताना मी मनाशी एक गोष्ट पक्की केली होती: घरात जे चाललंय त्यातूनच काम द्यायचं. सह्याद्री वाहिनीवर नुकतीच ‘टिलिमिली’ ही मालिका सुरू झाली होती, तिचाही सूर असाच होता, की मुलांनी घरातल्या, अंगणातल्या वस्तूंतून शिकावं. फक्त त्या मालिकेतल्या घरांत अंगण होतं. आमच्याकडं सूप होतं.

विडीचं काम ज्यांनी पाहिलं नाही त्यांना या सुपाची ओळख करून द्यायला हवी. आई भिंतीला पाठ लावून बसते, मांडीवर सूप, सुपात एका बाजूला तंबाखू आणि दुसऱ्या बाजूला भिजवून मऊ केलेली, पत्र्याच्या मापानं कात्रीनं कापलेली तेंदूची पानं. पान घ्यायचं, चिमूट पसरायची, वळायचं, दोऱ्याचा फेरा द्यायचा, तोंड मुडपायचं. बोलता बोलता, भांडता भांडता, पोराला दटावता दटावता हात चालूच. पंचवीस विड्यांचा एक कट्टा. चाळीस कट्टे झाले की हजार, म्हणजे दिवस भरला. दुसऱ्या दिवशी माल कारखान्यावर नेऊन द्यायचा. तिथं तपासणारा नापास विड्या बाजूला काढतो, त्याला छाट म्हणतात. छाट गेलेल्या विडीचे पैसे नाहीत, पानतंबाखू मात्र हिशेबात धरलेली.

मंगळवारचं काम मी असं दिलं होतं: ‘दुपारी जेवताना आईनं किती कट्टे बांधले ते विचार. हजाराला किती कमी?’ शनिवारी कागद गोळा झाले तेव्हा हे एक गणित झाडून सगळ्यांनी केलेलं होतं. वर्गात पंचवीसचा पाढा म्हणताना अडखळणारी पोरं इथं एकदम तरबेज. एका मुलानं लिहिलं होतं: ‘२६ झाले. १४ राहिले. छाट जाते म्हणून १५.’ मी तो कागद बराच वेळ हातात धरून बसले. उदाहरण मी घातलं होतं वजाबाकीचं. नुकसानीची तजवीज त्यानं स्वतःहून केली होती. कुठल्याही पुस्तकात असलं गणित नाही आणि त्या घरात ते रोज होतं.

या गणिताला दुसरीही बाजू आहे, ती सांगितली नाही तर खोटेपणा होईल. विडी वळणं हे बालकामगारांना बंदी असलेल्या कामांपैकी आहे, १९८६ च्या कायद्यापासून. पण प्रत्यक्षात तो कायदा कारखान्याच्या दारात थांबतो, आईच्या मांडीपर्यंत येत नाही. शाळा बंद म्हटल्यावर आठ-नऊ वर्षांच्या मुलींचे हात सुपाकडं वळणं ओघानंच आलं. तोंडं मुडपून देणं हे काम पोरींकडंच असतं, बारीक बोटांनी ते चटकन होतं. अशा वेळी शिक्षकानं विडीवर गणित घालावं का? शाळेतल्या एका सरांनी मला हे तोंडावर विचारलं आणि त्यांचा प्रश्न रास्त होता. मी पत्रकावर ठळक अक्षरात एक ओळ वाढवली: ‘फक्त बांधून झालेले कट्टे मोजायचे. पान आणि तंबाखूला हात लावायचा नाही.’ ती ओळ किती घरांत पाळली गेली, याबद्दल मला भ्रम नाही. तरीही मी ते गणित काढून टाकलं नाही. ज्या कामावर ते घर चालतं त्याच्याकडं पाठ फिरवून फळांच्या टोपल्यांची उदाहरणं देणं मला जास्त खोटं वाटतं.

आणखी एक गंमत तिथं कळली. पोरं कट्टे मोजतात ते तेलुगूत. पंचवीसला म्हणतात ‘इरवै ऐदु’, वीस आणि मग पाच. मराठीत पाच आधी, वीस नंतर. म्हणून माझ्या वर्गात पंचवीस लिही म्हटलं की दरवर्षी कुणीतरी ५२ लिहितंच. २०१९ साली बालभारतीनं दुसरीच्या गणितात ‘वीस पाच’ अशी वाचनपद्धत आणली, तेव्हा महाराष्ट्रभर केवढी टिंगल झाली! विधानसभेपर्यंत विषय गेला. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर शांतपणे समजावत होत्या की जुने शब्द काढलेले नाहीत, जोडीला हेही दिलं आहे. टिंगल करणाऱ्यांनी एकदा पूर्व भागातल्या दुसरीच्या वर्गात येऊन बसायला हवं होतं.

बुधवारबद्दल सांगण्यासारखं काही नाही. बुधवारी पाणी आलं. तेव्हा सोलापुरात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी यायचं आणि ते आलं की घरातलं लहानथोर प्रत्येक माणूस घागर, बादली, पिंप यांच्या मागं असायचं. ‘आज पाणी हाय बाई’ हे कारण मी बिनतक्रार मान्य केलं. पुढच्या पत्रकात बुधवारची जागा मोकळी सोडली आणि तिथं ‘पाणी आलं त्या दिवशी पिंपात किती घागरी मावल्या?’ एवढंच लिहिलं.

खरा विषय गुरुवारचा.

गुरुवारचं काम होतं, गोष्ट मोठ्यानं वाचून दाखवणे. पण दाखवायची कुणाला? पुष्कळ आयांना मराठी वाचता येत नाही, वडील घरी नाहीत. मी पत्रकात लिहिलं होतं, ‘घरातल्या एका माणसाला वाचून दाखव आणि त्याला त्याच्या भाषेत सांग.’ सहीच्या जागेवर ऐकणाऱ्याची सही किंवा अंगठा. आणि मग मी ठरवलं की मुलाला प्रश्न विचारायचेच नाहीत. फोन करायचा आणि ऐकणाऱ्या माणसाला म्हणायचं, मला गोष्ट सांगा.

गोष्ट अशी होती: एक शेळी यंत्रमागाच्या शेडमध्ये शिरते, कांडीवरचं सूत हुंगते, मग एक नवाकोरा टॉवेल चघळायला लागते. मालक ओरडतो, कामगार धावतात, शेळी मागाखाली जाऊन बसते. शेवटी एका कामगाराची मुलगी कोथिंबिरीची जुडी दाखवते आणि शेळी बाहेर येते.

पहिला फोन लागला एका अव्वांना. म्हणजे आजीला. साठी ओलांडलेल्या, आयुष्यभर विडी वळलेल्या, मराठी बाजारापुरतं. मी म्हटलं, “अव्वा, नातीनं गोष्ट वाचली का?”

“वाचला की. शेळी आला मागात. टावेल खाल्ला.”

“मग?”

“मग काय, मालक लई बोंबलला. शेळी खाली जाऊन बसला.”

“आणि मग?”

“मग शेळीवाला आला. मालक म्हटला, टावेलचे पैसे दे. त्याच्याकडं कुठला पैसा? मग रोज अर्धा लिटर दूध द्यायचं ठरलं, टावेल फिटेपर्यंत.”

मी गोंधळले. शेळीवाला माझ्या गोष्टीत नव्हताच. दुसऱ्या घरी फोन केला, तिथं शेळीला चौदा दिवस क्वारंटाइन केलं होतं. तिसऱ्या घरी शेळी मागाखालीच व्याली. मग उठून हातातली प्रत बघितली तर शेवटच्या चार ओळी झेरॉक्समध्ये कापल्या गेलेल्या. कागदाच्या काठाशी गोष्ट तुटत होती आणि पोरांनी ती तशी सोडली नव्हती. वाचून दाखवायला समोर माणूस बसलेलं होतं आणि ते विचारत होतं, ‘मग पुढं?’ पुढं काही नाही असं अव्वाला सांगायची सोय नव्हती.

अव्वांच्या त्या अर्ध्या लिटर दुधावरून मला जे कळलं ते कुठल्याही चाचणीतून कळलं नसतं. मुलगी धड्यातले सगळे शब्द वाचू शकते, तिला गोष्टीचा अर्थ लागलाय, तो ती दुसऱ्या भाषेत नेऊ शकते, आणि नुकसान झालं की ते कुणीतरी भरून द्यावं लागतं हेही तिला पक्कं माहीत आहे. उलट दोन घरी ऐकणाऱ्या माणसानं सांगितलं, ‘वाचलाय बाई, भरभर वाचलाय’, पण गोष्ट काय ते सांगता येईना. ती पोरं अक्षरं वाचत होती. शेजारी बसून ऐकणारं कुणी नव्हतं, अंगठा तेवढा उमटला होता. पुढच्या पत्रकापासून मी गोष्टीचा शेवट मुद्दामच छापला नाही.

शुक्रवारी कविता होती, ती जेमतेम झाली. शनिवारी, १ ऑगस्टला, मी कागद गोळा करायला गेले. सोमवारी नारळी पौर्णिमा. एरवी या दिवशी पूर्व भागात मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो, गल्ल्या माणसांनी भरून जातात. त्या वर्षी मिरवणूक नव्हती आणि घरात बसलेल्या पोरांना ते शाळा नसण्यापेक्षा जास्त लागलं होतं. पत्रकं बहुतेक परत आली. काहींवर हळद, काहींवर तंबाखूचे डाग. गणिताची बाजू भरलेली, मराठीची बाजू कोरी, हे चित्र इतक्या कागदांवर सारखं होतं की ते तसंच मनात राहिलं.

पुढं प्रयोग पुष्कळ झाले. जवळच्या नीलमनगरात आशा मराठी विद्यालयाच्या शिक्षकांनी घरांच्या बाहेरच्या भिंतींवर धडे रंगवले. अक्षरं, व्याकरण, गणिताची सूत्रं, सगळी वस्तीच पाठ्यपुस्तक झाली. फोन नको, नेट नको, पोर येताजाता वाचतं. देशभरच्या वर्तमानपत्रांनी त्याची दखल घेतली आणि ती घ्यायलाच हवी होती. मी तिकडं जाऊन पाहिलं तेव्हा एका भिंतीपाशी दोन मुली उभ्या होत्या, एक वाचत होती आणि दुसरी तिच्या चुका काढत होती. मला भिंतीइतकीच ती दुसरी मुलगी महत्त्वाची वाटली. सप्टेंबरात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही कोरोनाची घरोघरची पाहणी सुरू झाली, शिक्षक ऑक्सिमीटर आणि तापाची गन घेऊन घरोघर फिरायला लागले. आमच्यातल्या पुष्कळांनी या पाहणीचा फायदा घेतला: घरातल्यांचं तापमान लिहिता लिहिता पोराला एक परिच्छेद वाचायला लावायचा. नोव्हेंबरात व्हॉट्सअॅपवर दर आठवड्याच्या प्रश्नांचा ‘स्वाध्याय’ आला, पुढच्या जुलैत पंचेचाळीस दिवसांचा सेतू अभ्यासक्रम आला. सगळ्यांमागं मेहनत होती. प्रश्नांची उत्तरं बरीचशी मोठी भावंडं देत होती, हेही आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

प्राथमिकचे वर्ग भरवायला राज्यात परवानगी मिळाली ती १ डिसेंबर २०२१ पासून. त्या वर्षी माझ्याकडं पुन्हा तिसरीच होती, पण ही तिसरी वेगळी. ही मुलं शाळा बंद झाली तेव्हा पहिलीत होती. दुसरीचा वर्ग त्यांनी पाहिलाच नव्हता आणि तिसरीचं निम्मं वर्ष संपलेलं. पहिल्या दिवशी एक मुलगा हात वर करून म्हणाला, “बाई, नीळ्ळु.” पाणी हवं होतं त्याला. त्याला मराठी शब्द आठवत नव्हता असं नाही; तो वापरायची सवय मोडली होती. पंचवीसच्या पटी विचारल्या तर हजारापर्यंत धडाधड. चार ओळींचा उतारा दिला तर बोट ठेवून अक्षर अक्षर.

गणित घरानं सांभाळलं होतं. बाजार, कट्टे, घागरी, पगाराचा हिशेब, व्याजानं काढलेले पैसे. या घरांत आकडा दिवसातून दहा वेळा बोलावा लागतो. मराठी वाचन सांभाळणारं घरात काही नव्हतं. जिथं अव्वा होत्या, किंवा सातवीतली ताई होती, किंवा मागच्या खोलीतला भाडेकरू काका होता, तिथं थोडं तग धरलं. बाकी ठिकाणी पुस्तक होतं, काही ठिकाणी फोनही होता, पण वाचन गेलं. म्हणून घरच्या शिक्षणाबद्दल कुणी विचारलं तर मी साधनांची यादी सांगत नाही. पोर वाचत असताना त्या घरात ऐकायला कोण बसतं, एवढंच विचारते.

आता शाळा रीतसर सुरू आहेत, आणि हे वाचणारे पुष्कळजण म्हणतील की आमचा काय संबंध. संबंध आहे. दिवाळीची सुट्टी येते, मेची सुट्टी येते, आणि विडीच्या घरात, वीटभट्टीवर, ऊसतोडीच्या कोपीवर, तुमच्या सोसायटीच्या वॉचमनच्या खोलीत ती पोरं पुन्हा महिनामहिना मराठी वाचनाशिवाय राहतात. तुमच्या आसपास असं एखादं पोर असेल. त्याला नुसतं वही-पेन देऊ नका. संध्याकाळी दहा मिनिटं त्याच्यासमोर बसा आणि त्याला मोठ्यानं वाचायला सांगा. चुका काढू नका, त्या काढायला आम्ही आहोत. थांबलं की फक्त विचारा, मग पुढं काय झालं?